चुलीचा हिशेब कोण ठेवतो?

घरातला सिलिंडर संपला की सगळ्या घराला कळते. नंबर लावावा लागतो, गाडी कधी येणार याची चौकशी करावी लागते. भाव वाढला तर दुसऱ्या दिवशी बातमी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर असते. सरपण संपत आले, हे मात्र घरातल्या एकाच माणसाला कळते आणि ते माणूस बहुधा घरची बाई असते. तिने काटक्या कुठून वेचल्या, त्यात किती वेळ गेला, डोक्यावरचे ओझे किती होते, गोवऱ्या थापायला किती पहाटे उठावे लागले, याची पावती कुठेच फाटत नाही. विकत न घेतलेल्या वस्तूचा हिशेब ठेवायची आपल्याकडे पद्धतच नाही.

आपला देश किती ऊर्जा वापरतो, याची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध होते. कोळसा, तेल, वायू, वीज या सगळ्यांचा हिशेब त्यात असतो, कारण या वस्तूंची खरेदी-विक्री होते. लाकूडफाटा, गोवऱ्या, पऱ्हाट्या, तुराट्या या मंडळींना शास्त्रज्ञांनी ‘जैवभार’ असे भारदस्त नाव दिले आहे. पण सरकारी तक्त्यांत त्यांना बहुतेक वेळा कोपऱ्यातलीच जागा मिळते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने अंदाजाने त्यांचा हिशेब मांडला आहे. त्यानुसार १९९० साली देशाच्या एकूण ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक ऊर्जा जैवभारातून येत होती. आता तो वाटा वीस टक्क्यांच्या आसपास आला आहे. म्हणजे निम्म्यावर! वाचून बरे वाटते. पण यात एक मेख आहे. जैवभाराचा टक्का घसरला तो कोळसा आणि तेल यांचा वापर भरमसाट वाढल्यामुळे. जाळल्या जाणाऱ्या जैवभाराचा ढीग या तीस वर्षांत लहान झालेला नाही, उलट थोडा वाढलाच आहे. फरक इतकाच, की पूर्वी तो जवळजवळ सगळा चुलीत जात असे आणि आता त्यातला बराचसा कारखान्यांच्या भट्ट्यांत जातो.

नव्या, न संपणाऱ्या ऊर्जेच्या यादीत सूर्य आणि वारा यांचा मान मोठा. त्यांची छायाचित्रेही छान येतात. त्याच यादीत खाली दोन साधीसुधी नावे असतात. एक हा जैवभार आणि दुसरी भूगर्भातली उष्णता. या दोघींची गंमत अशी, की पहिली कोट्यवधी घरांत रोज वापरात आहे, पण हिशेबात नाही. दुसरी गेली कित्येक वर्षे हिशेबात आहे, पण वापरात नाही.

ऊन पाण्याची गावे

दुसरीचे आधी सांगून टाकू, कारण तिची गोष्ट छोटी आहे.

जमिनीतल्या उष्णतेची ओळख आपल्याला कुणी परक्याने करून द्यायला नको. कोकणचा नकाशा उघडून गावांची नावेच वाचावीत. पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे. खानदेशात उनपदेव, नांदेड जिल्ह्यात उनकेश्वर. ‘ऊन पाणी’ जिथे जिथे जमिनीतून वर आले, तिथे तिथे आपल्या पूर्वजांनी ते गावाच्या नावातच गोंदवून ठेवले. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही तानसा नदीकाठची कुंडे तर मुंबई-ठाण्याच्या लोकांच्या चांगलीच परिचयाची. आजी-आजोबांच्या गुडघेदुखीसाठी तिथे एकदा तरी फेरी झालेली असतेच. महाडजवळचे सव, संगमेश्वराकडची तुरळ, राजवाडी आणि आरवली हीसुद्धा याच माळेतली.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरात असे साडेतीनशेच्या आसपास झरे नोंदवले आहेत. त्यावरून देशात १०,६०० मेगावॉट वीज निर्माण होऊ शकेल, असा एक अंदाज फार पूर्वी काढला गेला. तो आकडा तेव्हापासून प्रत्येक लेखात आणि प्रत्येक भाषणात येतो. प्रत्यक्षात या उष्णतेवर व्यापारी तत्त्वावर चालणारे एकही वीजकेंद्र आज देशात नाही. हिमाचलात मणिकरणला पाच किलोवॉटचा प्रयोग झाला होता. तेलंगणात मणुगुरूला कोळसा खाणीच्या परिसरात २० किलोवॉटचा एक छोटा संच उभा राहिला. लडाखच्या पुगा खोऱ्यात, चौदा हजार फुटांहून अधिक उंचीवर, एक मेगावॉटचा पथदर्शी प्रकल्प करण्याचा करार तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने फेब्रुवारी २०२१ मध्ये केला. ऑगस्ट २०२२ मध्ये विहीर खणताना आतले पाणी उसळून ओढ्यात गेले आणि काम अडले. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने भूगर्भीय ऊर्जेचे पहिले राष्ट्रीय धोरण जाहीर केले, ही यातली ताजी घडामोड.

आपल्या कोकणातल्या झऱ्यांचे काय? त्यांतला उन्हवऱ्याचा झरा सर्वांत कडक, पण तोही सुमारे सत्तर अंशांचा. टर्बाइन फिरवायला वाफ लागते आणि सत्तर अंशांवर वाफ होत नाही. लवकर उकळणारा दुसरा एखादा द्रव मधे घालून वीज काढता येते, पण ती थोडी आणि महाग पडते. खोल विहिरी खणल्या तर खाली अधिक उष्णता मिळेलही, परंतु त्याचा खर्च मोठा. या पाण्यावर मासळी, आमसुले, काजू सुकवता येतील. तेवढ्यासाठी टर्बाइनची गरज नाही. मणिकरणच्या गुरुद्वारात लंगरचा भात झऱ्याच्या उकळत्या पाण्यात शिजतो, तिथे इंधनाचा प्रश्नच येत नाही. आइसलँडमध्ये दहांतली नऊ घरे याच उष्णतेवर उबदार राहतात आणि केनियाची चाळीस टक्क्यांहून अधिक वीज जमिनीखालच्या वाफेवर तयार होते. पण त्या देशांच्या पायाखाली ज्वालामुखी आहेत, आपल्या पायाखाली नाहीत. तेव्हा वज्रेश्वरीला जावे, आंघोळ करावी आणि विजेची आशा सध्या तरी दुसरीकडे ठेवावी.

घरोघरी मातीच्या चुली

आता पहिलीकडे वळू. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक घराला विचारले गेले, की तुमचा स्वयंपाक मुख्यतः कशावर होतो? ४९ टक्के घरांनी लाकूडफाटा सांगितला. जवळपास ९ टक्क्यांनी शेतातला काडीकचरा आणि ८ टक्क्यांनी गोवऱ्या. गॅस सांगणारी घरे होती साडेअठ्ठावीस टक्के. म्हणजे चंद्रावर यान पाठवून झाल्यावरही तीनांतली दोन घरे फुंकणी हातात घेऊनच होती.

पुढच्या दहा वर्षांत चित्र बरेच पालटले. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५८.६ टक्के घरे गॅस, वीज किंवा तत्सम स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करताना आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण ७९.७ टक्के होते, तमिळनाडूत ८२.९. मात्र देशाच्या ग्रामीण भागात ते ४३ टक्क्यांच्या आसपासच होते. निम्म्याहून अधिक खेडी अजून धुरातच होती.

या धुराकडे जगाचे लक्ष वेधण्यात कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाचा मोठा वाटा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या काही खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटी यंत्रे लावली आणि त्या प्रत्यक्ष किती धूर ओढतात, ते मोजले. तोवर प्रदूषण म्हणजे शहरातल्या गिरण्यांची धुराडी, अशीच समजूत होती. त्याहून कितीतरी दाट धूर स्वयंपाकघरात निघाला! २०१९ साली या घरगुती धुरामुळे आपल्या देशात सहा लाखांच्या आसपास अकाली मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय संशोधकांचा अंदाज आहे. दमा, फुप्फुसांचे जुनाट विकार, मोतीबिंदू, पाळण्यातल्या बाळाचा न्यूमोनिया. ज्या घरात चूल आहे, तिथे यातले काही ना काही आहेच. फक्त कुणी त्याचा संबंध चुलीशी लावत नाही.

माटुंग्याचा दिवा

शेणाच्या गोवऱ्या थापून जाळण्याऐवजी त्याच शेणातून गॅस काढावा आणि उरलेले खत शेताला द्यावे, ही कल्पना इतकी सरळ आहे, की ती आपल्याकडे घरोघर का नाही, असा प्रश्न कुणालाही पडावा.

आणि ती नवी मुळीच नाही. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्यापासून गॅस तयार करून दिव्यांसाठी वापरला गेला. पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत शेणावर प्रयोग झाले. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचा ‘ग्रामलक्ष्मी’ संच तयार केला आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार हाती घेतला. जमिनीत विहिरीसारखा गोल खड्डा आणि त्यावर उपडी लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी वर येते, वापरला की खाली बसते. आज किती स्वयंपाक होणार, ते टाकीकडे बघूनच कळते.

आत जे घडते ते विरजणासारखेच. गाईच्या पोटात चारा पचवणारे सूक्ष्म जीव शेणाबरोबर बाहेर येतात आणि हवा न लागू देता त्यांना पाणी व उबारा दिला, की आपले काम चालू ठेवतात. पहिल्यांदा विरजण लागायला काही दिवस जातात. मग रोज घालावे तेवढे मिळते. चार-पाच माणसांच्या घराला दोन घनमीटरचा संच पुरतो. त्यात रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी घालावे लागते, म्हणजे दावणीला तीन-चार गुरे हवीत. पूर्ण क्षमतेने चालला तर हा संच महिन्याला पावणेदोन सिलिंडरांइतका गॅस देतो. वर खत मिळते ते वेगळेच. गोवरी जाळली तर ते खतही धुरात जाते.

महाराष्ट्रात या कामाला एक निराळी परंपरा आहे. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात संडास आणि खत-गॅस यांची सांगड घालण्याचे प्रयोग केले. ज्या काळी मैल्याचे नाव काढले तरी लोक नाक मुरडत, त्या काळी हा माणूस त्यावर चूल पेटवायचे बोलत होता. १९५९ साली तुकोबांच्या देहूत सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आलेले सुहास मापुसकर यांनी ते सूत्र उचलले. गावातल्या आजारपणाचे मूळ उघड्यावरच्या विधीत आहे, हे त्यांनी ओळखले आणि औषधाच्या बाटलीबरोबर संडासाचाही आग्रह धरला. पुढे १९८० च्या सुमारास अप्पासाहेबांच्या आराखड्यात सुधारणा करून त्यांनी ‘मलप्रभा’ हा संडासाला जोडलेला गॅस संच तयार केला. २०१५ मध्ये ते गेले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या गॅसला वास येत नाही आणि ज्योत निळीच असते, हे लोकांना पटवायला संच बांधण्यापेक्षा अधिक वर्षे लागतात. ‘देवाचा नैवेद्य त्यावर कसा करायचा?’ हा प्रश्न आपल्या घरातही आला असता, हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवे.

१९८१-८२ पासून केंद्र सरकारने बायोगॅसचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला. अनुदाने आली, सिमेंटच्या पक्क्या घुमटाचा ‘दीनबंधू’ हा स्वस्त प्रकार आला, गावोगाव संच बांधले गेले. २०११ पर्यंत बांधलेल्या संचांची संख्या चाळीस लाखांच्या पुढे गेली होती.

आता त्याच वर्षीची जनगणना पुन्हा उघडू. बायोगॅसवर स्वयंपाक करतो असे सांगणारी घरे होती फक्त ०.४ टक्के. साधारण दहा लाख!

मग उरलेले तीस लाख संच गेले कुठे? काही घरांत बायोगॅस जोडीला असेल आणि मुख्य इंधन म्हणून त्यांनी लाकूड किंवा सिलिंडर सांगितला असेल, हे खरे. पण तेवढ्याने हा खड्डा भरत नाही. आपल्या खेड्यांतून फिरताना उत्तर परसातच दिसते. गंजून भोक पडलेली टाकी उलटी पडलेली असते आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. घुमटाला बारीक तडा गेलेला असतो आणि तो बुजवणारा गवंडी केव्हाच शहरात बांधकामावर निघून गेलेला असतो. ट्रॅक्टर आला तशी बैलजोडी विकली गेली, शेण निम्म्यावर आले. उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, तिथे खड्ड्यात रोज पन्नास लिटर कुठून ओतणार? थंडीत विरजण लागत नाही, तसा गॅसही मंदावतो. आणि मुख्य म्हणजे रोजचा तो शेणकाला. तो कुणी करायचा, हे संच बांधताना कुणी विचारतच नाही, कारण उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. संच मालकाच्या नावावर, सातबारा मालकाच्या नावावर, अनुदान मालकाच्या खात्यात; काला मात्र मालकिणीच्या हाताने. एखादी सून दोन महिने तिची तक्रार ऐकवत राहते आणि शेवटी मुकाट्याने चूल पेटवते.

सरकारी अनुदानाचा मुख्य भर बांधकामावर असे. संच बांधला, फोटो काढला, उद्दिष्ट पूर्ण झाले. तिसऱ्या वर्षी तो चालू आहे की नाही, याची नोंद ठेवण्यात कुणाचेच हित नव्हते. जिथे कुणीतरी ती नोंद ठेवली, तिथे चित्र वेगळे दिसते. सिंधुदुर्गात झाराप येथून डॉ. प्रसाद देवधर यांच्या भगीरथ प्रतिष्ठानने हजारो बायोगॅस संच उभे केले. कोकणात पाणी आहे, गोठा आहे आणि बिघाड झाला तर बोलावता येईल असे माणूस जवळपास आहे. या तीन गोष्टींपैकी एक जरी नसली, तरी बायोगॅसच्या फंदात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निर्धूर चुलीची कथाही याच वळणाची. १९८३ साली सुरू झालेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सुमारे साडेतीन कोटी चुली बांधल्या गेल्या. २००२ मध्ये केंद्राने तो आपल्या हातून सोडला. चुलीला धुराडे होते, पण ते साफ करायला छपरावर चढायचे कुणी? तोंड लहान ठेवले तर लाकूड कमी लागते, हे शास्त्राने बरोबरच. पण ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर शेकायची असते, हे आराखडा काढणाऱ्याला ठाऊक नव्हते. भाकरी फुगली नाही, की चूल नापास!

पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने वेगळा विचार केला. इरावती कर्वे यांचे पुत्र डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. शेणच का, असा त्यांचा प्रश्न. सूक्ष्म जीवांना शेणापेक्षा उरलेला भात, खराब पीठ, फळांच्या साली अधिक आवडतील, कारण शेण म्हणजे गुराने एकदा पचवलेलेच अन्न. प्लॅस्टिकच्या दोन टाक्यांचा एक आटोपशीर संच त्यांनी तयार केला. तो गच्चीवर किंवा परसात मावतो आणि त्याला रोज दोनेक किलो खरकटे पुरते. २००६ मध्ये त्यासाठी संस्थेला ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्याआधी २००२ मध्ये उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्रालाही तोच पुरस्कार मिळाला होता. शहरी वाचकांपैकी ज्यांना स्वतःच्या ओल्या कचऱ्याचे काय करावे हा प्रश्न आहे, त्यांनी या संचाची चौकशी करायला हरकत नाही. मात्र पूर्ण स्वयंपाकाची आशा धरू नये. सकाळचा चहा आणि एखादी भाजी, एवढेच.

मग आला सिलिंडर. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून दहा कोटींहून अधिक गरीब घरांत गॅसची जोडणी गेली आणि जोडणी बाईच्याच नावावर, हे या योजनेचे मोठे वैशिष्ट्य. पण या घरांत वर्षाकाठी सिलिंडर भरला जातो सरासरी साडेचार वेळा. पूर्ण स्वयंपाकाला आठ-दहा तरी हवेत. म्हणजे गॅस चहाला आणि पाहुण्यांना; भाकरी, आंघोळीचे पाणी आणि गुरांचे आंबोण पुन्हा चुलीवर. शिवाय देशाला लागणाऱ्या या गॅसपैकी सुमारे साठ टक्के परदेशातून येतो. आखातात काही खुट्ट झाले, की त्याची झळ थेट आपल्या ओट्यापर्यंत.

तीच आग, पण गिरणीत

घरात जो जैवभार इतका त्रास देतो, तोच कारखान्यात गेला की शहाण्यासारखा वागतो. हे बघायचे तर थोडे लांब, कावेरीच्या खोऱ्यात जायला हवे. मराठी माणसाला तंजावर परके नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तिथे गादी स्थापन केली आणि १८५५ पर्यंत ते मराठी राज्य टिकले. तंजावरहून कुंभकोणमकडे निघाले, की वाटेत पापनाशम लागते. रामाने येथे १०८ शिवलिंगे स्थापून पापक्षालन केले, अशी कथा सांगतात. पण आमचे लक्ष वेधून घेते ते इथल्या पालैवननाथर देवळाच्या आवारातले धान्याचे कोठार. सतराव्या शतकात नायक राजांच्या काळात विटांनी बांधलेले, गोल, घुमटाच्या आकाराचे आणि हजारो मण साळ पोटात घेऊ शकेल एवढे. हा मुलूख भाताचा आहे, हे सांगायला दुसरा पुरावा नको.

भात आला की तूस आलेच. शंभर किलो साळ भरडली, की वीस-बावीस किलो तूस निघते. गुरे ते खात नाहीत, शेतात लवकर कुजत नाही. या पट्ट्यात उकडा तांदूळ खातात. त्यासाठी साळ भिजवायची, वाफवायची, वाळवायची आणि मग भरडायची. वाफेसाठी लागणारा बॉयलर पेटतो त्याच तुसावर. कोळशाच्या जवळपास तीन चतुर्थांश उष्णता त्यातून मिळते आणि ते दारातच पडलेले असते, वाहतुकीचा खर्च नाही. राख उरते तीही वाया जात नाही. तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असल्याने विटा आणि सिमेंटवाले ती नेतात.

इथे आग का टिकते? बॉयलरपुढे उभा असलेला माणूस पगारी असतो. तो तूस किती घालायचे ते जाणतो, राख वेळेवर काढतो, धुराडे तुंबले तर मालकाला सांगतो आणि मालक ते लगेच साफ करून घेतो, कारण वाफ थांबली की गिरणी थांबते आणि गिरणी थांबली की पैसा थांबतो. गिरणीपासून हाकेच्या अंतरावर एखाद्या घरात वरट्टी, म्हणजे आपली गोवरी, पेटवणाऱ्या बाईला यातले काहीही नसते. आग तीच असते, पण तिथे बॉयलरवाला फुकटात राबतो.

आपल्याकडे हेच काम साखर कारखाने करतात. एक टन ऊस गाळला, की सुमारे २८० ते ३०० किलो चिपाड उरते. ते जाळून वाफ, वाफेवर कारखाना आणि उरलेल्या वाफेवर वीज. देशात जैवभारापासून वीज करण्याची क्षमता दहा हजार मेगावॉटच्या पुढे गेली आहे आणि त्यातला फार मोठा वाटा चिपाडांचा. महाराष्ट्र त्यात आघाडीवर, अडीच हजार मेगावॉटच्या घरात. अर्थात ही वीज मुख्यतः गाळप हंगामातली, आणि कारखाना चालला तरच. पापनाशम तालुक्यातच तिरुमंडंगुडी येथे एक मोठा खासगी साखर कारखाना होता, तोही चिपाडांवर वीज करून विकत असे. तो आर्थिक अडचणीत येऊन बंद पडला आणि थकलेल्या उसाच्या पैशांसाठी शेतकरी २०२२ च्या अखेरीपासून दीर्घकाळ धरण्याला बसले. ऊस गेला, तसे चिपाडही गेले.

सरकारचा उत्साह आता कारखान्यांच्या आकाराच्या प्रकल्पांकडेच वळला आहे. शेण आणि कचऱ्यापासून वाहनांसाठी दाबाखालचा गॅस करणारे पाच हजार प्रकल्प २०२३-२४ पर्यंत उभे करू, अशी घोषणा ऑक्टोबर २०१८ मध्ये झाली होती. मुदत संपली तेव्हा शंभराचाही टप्पा गाठला गेला नव्हता. त्याच्या तुलनेत जैवभाराच्या गोळ्यांचा, म्हणजे पेलेटचा, धंदा जोरात निघाला. कोळशावरच्या वीजकेंद्रांनी कोळशात ठराविक प्रमाणात या गोळ्या मिसळाव्यात, असे धोरण २०२१ मध्ये आले. पंजाब-हरियाणातले पेंढे शेतातच जळू नयेत आणि दिल्लीचा श्वास कोंडू नये, हा त्यातला एक हेतू. पण गोळ्या कशाच्याही होतात. सोयाबीनचा भुसा, तुराट्या आणि विदर्भातली पऱ्हाटीसुद्धा.

पऱ्हाटीचा हा मुद्दा जरा नीट समजून घ्यायला हवा. कापसाची वेचणी संपली, की शेतकऱ्याला रान मोकळे करून हवे असते. पऱ्हाटी उपटण्याचे काम मजुरांच्या बायका करत आल्या आहेत आणि बऱ्याच गावांत त्याचा मोबदला म्हणजे ती पऱ्हाटीच. उपटून न्या, जाळायला वापरा. वर्षभराचे सरपण घराच्या कुडाला लागून रचून ठेवले जाते. याची कुठे लिखापढी नसते, पण पिढ्यान् पिढ्या हा व्यवहार चालत आला आहे. आता शेताच्या बांधावर पऱ्हाटी कापून भुगा करणारे यंत्र येऊन उभे राहते आणि टनावर पैसे मिळतात. ते मिळतात शेताच्या मालकाला, आणि ते त्याने का घेऊ नयेत? कापसात त्याचे तरी काय सुटते! मात्र ज्या बाईच्या कुडाला दरवर्षी पऱ्हाटीची गंजी असे, तिची जागा त्या दिवसापासून रिकामी राहते. तिच्या घरात उज्ज्वलाचा सिलिंडर आहे, वर्षातून चार-साडेचार वेळा भरला जाणारा. उरलेल्या दिवसांसाठी ती नाल्याकाठच्या वेड्या बाभळीकडे निघते, पूर्वीपेक्षा थोडी लांब.